आधी राजधानी, मग डोंगर

१/
पावसाळा सरला की महाराष्ट्रातील गिर्यारोहक मंडळींना हिमालयाचे वेध लागतात. एव्हरेस्ट बेस कॅम्प, अन्नपूर्णा, लांगटांग ही नावे गडकिल्ल्यांच्या गप्पांत मिसळू लागतात. अशा सहलीची कार्यक्रमपत्रिका उघडून पाहावी. पहिला दिवस : काठमांडूत आगमन व विश्रांती. अखेरचा दिवस : काठमांडू, ऐच्छिक स्थलदर्शन व खरेदी. इतिहासप्रेमी मित्रहो, आजचा धागा या ‘ऐच्छिक’ शब्दाविरुद्ध आहे.

२/
म्हणणे दोन भागांत मांडतो. पहिले, काठमांडूला ट्रेकच्या आधी निदान तीन पूर्ण दिवस द्यावेत, तेही ठरवून. दुसरे, त्या शहरात केवळ आपल्या घराण्यांच्या आणि देवतांच्या खुणा शोधत फिरू नये. पहिले म्हणणे सोयीचे आहे, पटायला सोपे. दुसरे थोडे अवघड आहे, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचे.

३/
हा धागा सोलापुरातून, नवी पेठेतून लिहिला जात आहे, आणि त्याचा विषयाशी संबंध आहे. तुळजापूर, अक्कलकोट आणि पंढरपूर या तीन क्षेत्रांचे सोलापूर हे नाके. दूरचा भाविक रेल्वेने उतरतो, नवी पेठेत चादरी-टॉवेल पाहतो, शेंगाचटणी बांधून घेतो आणि पुढची गाडी पकडतो. बहमनी काळातला भुईकोट, सिद्धेश्वराचा तलाव, १९३० सालचा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले चार हुतात्मे यांची त्याला गंधवार्ता नसते.

४/
आपल्या शहराला कोणी ‘वाटेतला थांबा’ म्हटले की आपल्याला ते लागते. रायगडावर जाऊन राजसदर न पाहता केवळ टकमकावर छायाचित्र काढून परतणाऱ्याला आपण नावे ठेवतो. मग लुक्ल्याच्या विमानाची वाट पाहत थमेलच्या हॉटेलात दोन दिवस लोळून परतणारा आपला मित्र वेगळे काय करतो? ज्याला गड वाचता येतो त्याने राजधानी न वाचता डोंगर चढावा, हे विसंगत आहे.

५/
आता ती राजधानी म्हणजे काय, ते पाहू. काठमांडूच्या खोऱ्यात एक नव्हे, तीन राजधान्या आहेत. मल्ल राजा यक्षमल्ल १४८२ च्या सुमारास वारला आणि त्याच्या वारसांत राज्याची वाटणी होत गेली. काठमांडू, ललितपूर म्हणजे पाटण, आणि भक्तपूर अशी तीन राज्ये उभी राहिली. ही तिन्ही नगरे एका दिवसात पायी फिरता येतील इतकी जवळ. सीमा भिडलेल्या, रक्त एकच, आणि वैर पिढ्यान्‌पिढ्यांचे.

६/
या भाऊबंदकीचे रूप मात्र विलक्षण. लढाया होत्याच, पण चढाओढ दगडात, विटांत आणि लाकडातही चालली. काठमांडूत महेंद्र मल्लाने १५६४ मध्ये तलेजूचे उत्तुंग मंदिर बांधले. पाटणला सिद्धिनरसिंह मल्लाने १६३७ मध्ये शिखरशैलीचे दगडी कृष्णमंदिर उभारले. भक्तपूरच्या भूपतींद्र मल्लाने अठराव्या शतकाच्या आरंभी पाच छपरांचे न्यातपोल बांधले. एकाने चौक सजवला की दुसरा स्वस्थ बसत नसे.

७/
काठमांडूचा प्रताप मल्ल (राज्यकाल १६४१ ते १६७४) हा त्यातला सर्वांत हौशी. त्याने १६५४ मध्ये राजवाड्याच्या भिंतीवर कालिकेची स्तुती कोरवली, ती पंधरा लिप्यांत आणि भाषांत. त्यात युरोपीय भाषांतले काही शब्दही आहेत. १६७२ मध्ये त्याने वाड्याच्या दाराशी मारुती बसवला, त्यावरून त्या वाड्याला ‘हनुमान ढोका’ हे नाव पडले. नेपाळीत ढोका म्हणजे दार. शिलालेखांच्या मागे रानोमाळ भटकणाऱ्या आपल्या वाचकांना ही एक भिंतच तासभर खिळवून ठेवील.

८/
१७६८ मध्ये, इंद्रजात्रेचा उत्सव ऐन भरात असताना, गोरख्याचा राजा पृथ्वीनारायण शाह काठमांडूत शिरला. पाटण त्याच वर्षी पडले, भक्तपूर १७६९ मध्ये. तिघे भाऊ एकमेकांशी झुंजत राहिले आणि चौथ्याने डाव साधला. मराठेशाहीचा उत्तरकाळ ज्यांनी वाचला आहे, त्यांना या प्रकरणाची ओळख करून देण्याची गरज नाही.

९/
मल्लांच्याही मागे लिच्छवी आहेत. चांगुनारायण मंदिरातील मानदेव राजाचा स्तंभलेख इसवी सन ४६४ चा. आपल्या जिल्ह्यातील हत्तरसंग-कुडलचा मराठी शिलालेख शके ९४० चा, म्हणजे १०१८ चा. त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. त्याहून साडेपाचशे वर्षे जुना लेख आजही नांदत्या देवळाच्या अंगणात उभा असलेला पाहणे, हा अनुभव कोणत्याही हिमशिखराच्या दर्शनाइतकाच उंच आहे.

१०/
‘पण आम्ही तर डोंगरासाठी जातो’ असे कोणी म्हणेल. त्यालाच उद्देशून सांगतो : हे शहर डोंगराची किल्ली आहे. असन चौकातून इंद्रचौकाकडे आणि तिथून हनुमान ढोक्याकडे जाणारी तिरपी गल्ली ही भारत आणि तिबेट यांना जोडणाऱ्या व्यापारी वाटेचा भाग होती. नेवार व्यापाऱ्यांच्या पेढ्या ल्हासात होत्या. तिबेटात चालणारी चांदीची नाणी मल्ल राजांच्या टांकसाळीत पडत आणि त्या व्यवहारातला नफा राजवाड्यांच्या नक्षीत उतरे.

११/
एव्हरेस्टच्या वाटेवरचे नामचे बाजार हे याच मोठ्या व्यापाराचे एक टोक. नांगपा ला या खिंडीतून तिबेटी मीठ आणि लोकर खाली येई, धान्य वर जाई. पायाखालची वाट केवळ हौशी पावलांनी मळलेली नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ती वाट वेगळी दिसते. आपण नाणेघाट चढताना जकातीचा विचार करतोच ना! नवी पेठेची संध्याकाळची गर्दी पाहिलेल्याला असनमध्ये परके वाटणार नाही. तिथला कापडवालाही हातवारे करूनच भाव सांगतो.

१२/
पुढे वाटेवर मणी-भिंती लागतात, चोर्तेन लागतात. त्यांना उजवी घालून जायचे असते, म्हणजे ते आपल्या उजव्या हाताला राहतात. का, ते बौद्धनाथाच्या स्तूपाभोवती संध्याकाळी प्रदक्षिणा घालणाऱ्या तिबेटी आजींकडे पाहून कळते. स्वयंभूच्या टेकडीवर स्तूपाच्या शेजारीच हारिती देवीच्या दर्शनाला हिंदू आणि बौद्ध एकाच रांगेत उभे असतात. हा धडा आधी घेतला तर शेर्पा वस्त्यांत आपण पाहुण्यासारखे वागतो. नंतर घेतला तर केवळ चुटपुट उरते.

१३/
आणि थमेल? बहुतेक ट्रेकर ज्या वस्तीत उतरतात, तिचे नाव ‘थं बही’ या प्राचीन बौद्ध विहारावरून पडले आहे. तो विहार आजही तिथेच, जॅकेटांच्या आणि दोरखंडांच्या दुकानांच्या गर्दीत उभा आहे. चार रात्री थमेलमध्ये काढून ज्याने तो पाहिला नाही, त्याने थमेलही पाहिले असे म्हणता येणार नाही.

१४/
आता ‘आधी’ का, याचे व्यवहारी कारण. लुक्ल्याची धावपट्टी सुमारे २,८६० मीटर उंचीवर. ढग उतरले की विमाने बंद. म्हणून जाणकार आयोजक ट्रेकच्या शेवटी एक-दोन दिवस राखून ठेवतात, आणि तेच दिवस कागदावर ‘काठमांडू दर्शन’ म्हणून दाखवले जातात. जो दिवस हवामानासाठी राखीव आहे तो शहराचा नाहीच. हवामान बिघडले की पहिला बळी राजधानीचा जातो. शिवाय बारा-तेरा दिवस चालून आलेल्या शरीराला तेव्हा फक्त गरम पाणी आणि पलंग हवा असतो.

१५/
आक्षेप येईल की नोकरदारांना इतकी रजा कुठून मिळणार? आक्षेप खरा आहे. त्याला उत्तर एवढेच : रजा कमी असेल तर डोंगर छोटा निवडावा. लांगटांगचे खोरे बेस कॅम्पपेक्षा कमी दिवसांत होते आणि त्यासाठी विमानही लागत नाही. दोन्ही अर्धवट करण्यापेक्षा लहान ट्रेक पूर्ण आणि शहरही पूर्ण, हा हिशेब मला अधिक शहाणपणाचा वाटतो. डोंगर कुठे जात नाहीत, असे आपण नेहमी म्हणतो. नगरांची मात्र तशी शाश्वती नाही. त्याविषयी पुढे येईलच.

१६/
आता दुसरे, अवघड म्हणणे. सोलापूरकर काठमांडूत गेला की ‘तलेजू भवानी’ हे नाव ऐकून थबकतो. तुळजापूर इथून ४५ किलोमीटरवर. नाव किती जुळते! मग समाजमाध्यमांवर एक वाक्य फिरू लागते : नेपाळच्या राजांची कुलदेवता म्हणजे आपलीच तुळजाभवानी. वाक्य गोड आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र ते गिळण्याआधी चावून पाहिले पाहिजे.

१७/
पुराव्याचा धागा असा. अकराव्या शतकात सोलापूरचा हा सारा प्रदेश कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, चालुक्यांकडे होता. त्यांच्या फौजा उत्तरेत दूरवर गेल्या. त्याच काळात, १०९७ मध्ये, नान्यदेव नावाच्या कर्णाट सरदाराने मिथिलेत सिम्रौनगढ येथे राज्य स्थापले. हा केवळ तलवारबहाद्दर नव्हता, भरताच्या नाट्यशास्त्रावर त्याने भाष्य लिहिले. सिम्रौनगढ आज नेपाळच्या तराईत, बारा जिल्ह्यात आहे. दक्षिणेतून उत्तरेत गेलेल्या माणसांचा हा दुवा भक्कम आहे.

१८/
पुढे १३२४-२५ च्या सुमारास गियासुद्दीन तुघलकाची फौज मिथिलेवर चालून आली. राजा हरिसिंहदेव कुटुंबासह डोंगरांकडे पळाला. उत्तरकालीन वंशावळी सांगतात की त्याने भक्तपूर जिंकले आणि सोबत आणलेली तलेजू तिथे स्थापली. परंतु चौदाव्या शतकाच्या अखेरची, घटनेला खूपच जवळची असलेली गोपालराज वंशावळी सांगते की राजा वाटेतच मरण पावला. भक्तपूरला पोहोचली ती त्याची राणी देवलदेवी, आणि तिने तिथल्या राजकारणात मोठे वजन मिळवले.

१९/
हा पेच आपल्या ओळखीचा आहे. शंभर-दोनशे वर्षांनी लिहिलेली बखर एक सांगते, समकालीन कागद दुसरे. आपण शिवकालाविषयी बोलताना समकालीन साधनाला झुकते माप देतो. तोच नियम इथेही लावावा लागेल. मल्ल राजांनी पुढे अभिमानाने आपले मूळ नान्यदेवाशी जोडले, हे खरे. पण राजे आपली वंशावळ का लांबवतात, हेही आपल्याला ठाऊक आहे.

२०/
तलेजू आणि तुळजा या नावांचा संबंध अभ्यासकांनी सुचवलेला आहे, आणि दक्षिणेतून मिथिलेत, मिथिलेतून खोऱ्यात हा प्रवास शक्य कोटीतला आहे. पण शक्य आणि सिद्ध यांत अंतर असते. त्याहून मोठी गोष्ट अशी, की नाव दक्षिणेतून गेले असे मानले तरी ती देवता तिथे पूर्णपणे त्या मातीची झाली. तलेजूचा मंत्र राजाला गुप्तपणे दिला जाई, तिची उपासना तांत्रिक. काठमांडूतील तिचे मंदिर वर्षातून एकदाच, दशैंच्या नवमीला, सामान्य भक्तांसाठी उघडते.

२१/
आणि तिचे जिवंत रूप मानली जाणारी कुमारी ही नेवार बौद्धांच्या शाक्य कुळातून निवडली जाते. हिंदू राजाची कुलदेवता बौद्ध घरातल्या बालिकेच्या देहात वास करते, आणि राजाने तिच्यापुढे मस्तक लववून टिळा घ्यायचा. जयप्रकाश मल्लाने १७५७ मध्ये बांधलेले कुमारीघर हनुमान ढोक्यासमोर आजही आहे. तुळजापुरात याच्यासारखे काही नाही. ‘ही तर आपलीच’ म्हणून जो पुढे निघून गेला, त्याला ही सर्वांत अद्‌भुत गोष्ट दिसलीच नाही.

२२/
१८५७ च्या संदर्भातही हेच. पराभवानंतर नानासाहेब पेशवे नेपाळच्या तराईत गेले. त्यांच्या घराण्यातील स्त्रियांना जंगबहादुर राणाने काठमांडूत आश्रय दिला. बेगम हजरत महल १८७९ मध्ये तिथेच वारली, तिची कबर शहरात आहे. पण याच जंगबहादुराने १८५८ मध्ये लखनौच्या मोहिमेत इंग्रजांच्या मदतीला फौज नेली होती. केवळ आपला धागा ओढला तर तो कृपाळू आश्रयदाता ठरतो किंवा घरभेदी. त्याच्या दरबारात उभे राहून पाहिले तर इंग्रजी सत्तेच्या सावलीत आपले राज्य टिकवणारा एक धूर्त, कठोर राज्यकर्ता दिसतो.

२३/
नाते हे दार असते, सातबारा नसतो. दारातून आत जावे, घर पाहावे, घरच्यांची भाषा ऐकावी. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत बोलणाऱ्या सोलापूरकराला हे सांगण्याची खरे तर गरज पडू नये. आपल्या शहराला कोणी एकाच भाषेच्या किंवा एकाच राजवटीच्या खात्यावर मांडले तर ते अपुरे ठरते, हे आपण रोज अनुभवतो.

२४/
आता शाश्वतीचा प्रश्न. २५ एप्रिल २०१५, शनिवार, दुपारचे बारा वाजायला चार मिनिटे. ७.८ महत्तेचा भूकंप. नेपाळात सुमारे ९,००० माणसे गेली. ज्याच्यावरून शहराला नाव मिळाले ते काष्ठमंडप कोसळले. त्या वेळी तिथे रक्तदान शिबिर चालू होते. १८३२ चा धरहरा मनोरा मोडून पडला. भक्तपूरचे न्यातपोल मात्र १९३४ च्या भूकंपाप्रमाणे याही वेळी जवळजवळ अभंग राहिले.

२५/
पुढे जे घडले ते प्रत्येक दुर्गप्रेमीने अभ्यासावे. काष्ठमंडपाच्या अवशेषांखाली पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले. बाराव्या शतकाची मानली जाणारी वास्तू, तिचा पाया निघाला सातव्या शतकाच्या आसपासचा, आणि तो शाबूत होता. दोष वरच्या बाजूला होता : विसाव्या शतकातील एका दुरुस्तीत चार मुख्य खांबांपैकी एक त्याच्या तळखड्यात नीट बसवलाच गेला नव्हता, आणि वरून फरशी घातल्याने ते कोणाला दिसले नाही. हजार वर्षांपूर्वीचे कारागीर चुकले नव्हते, अलीकडची डागडुजी चुकली होती.

२६/
मग नागरिक उठले. राणीपोखरी या १६७० च्या तलावात काँक्रीट ओतले जाऊ लागले तेव्हा स्थानिकांनी विरोध करून काम थांबवले, आणि ते पारंपरिक विटा-मातीत पुन्हा करवून घेतले. काष्ठमंडप ठेकेदारीच्या सोयीने न बांधता परंपरेने बांधावा, असा आग्रह धरला गेला आणि २०२२ मध्ये तो लाकडात पुन्हा उभा राहिला. धरहरा मात्र काँक्रीटचा झाला. दोन्ही एकाच शहरात, चालत जाण्याच्या अंतरावर. दोन्ही पाहावेत आणि स्वतःला विचारावे की आपल्याला कोणता मार्ग हवा.

२७/
हा प्रश्न परका नाही. २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. काठमांडूचे खोरे त्या यादीत १९७९ पासून आहे. म्हणजे या वाटेवर ते आपल्यापेक्षा शेहेचाळीस वर्षे पुढे आहेत. गर्दी, दुरुस्ती, सिमेंट, स्थानिकांचे हक्क, तिकिटाचा पैसा कुठे जावा, या साऱ्या चुका आणि सुधारणा तिथे झालेल्या आहेत. चुन्याच्या जागी सिमेंट भरलेला बुरूज पाहून जो हळहळतो, त्याने इतकी चांगली शाळा ‘ऐच्छिक’ म्हणून सोडू नये.

२८/
तीन दिवसांचा आराखडा देतो. पहिला दिवस काठमांडू : सकाळी लवकर असन, मग पायी हनुमान ढोका, कुमारीघर, काष्ठमंडप, संध्याकाळी स्वयंभू. दुसरा दिवस पाटण : दरबार चौक, राजवाड्यातच असलेले पाटण संग्रहालय आणि चौकालगतची लिच्छवीकालीन मंगा हिती, परतताना पशुपतिनाथ किंवा बौद्धनाथ. पशुपतिनाथाचे मुख्य पुजारी परंपरेने दक्षिणेतले भट्ट असतात, हेही लक्षात ठेवावे. तिसरा दिवस चांगुनारायण आणि भक्तपूर, शक्य तर मुक्काम तिथेच. पर्यटक परतल्यावर ते गाव खरे दिसते.

२९/
ऑक्टोबरात जात असाल तर पंचांग पाहूनच तिकीट काढा. आपले नवरात्र म्हणजे त्यांचे दशैं. दुकाने, कचेऱ्या काही दिवस बंद, भारवाहक आणि वाटाडेही घरी जाऊ इच्छितात. त्यांच्या सणात आपल्या ट्रेकची घाई आडवी आणू नये. आपल्याला तिथे तळ हलेपर्यंत थांबावे लागले तर तोच सर्वांत मोठा लाभ समजावा.

३०/
तानाजींच्या तोंडी असलेले वाक्य सर्वांना पाठ आहे : आधी लग्न कोंढाण्याचे. त्याच चालीवर पुढच्या कार्यक्रमपत्रिकेत एक दुरुस्ती आयोजकांकडे मागावी. ‘ऐच्छिक’ शब्द खोडावा आणि राजधानीचे दिवस अगोदर घालावेत. मागणारे पाच जण निघाले तर पत्रिका बदलते. आपल्यापैकी कोणी असे तीन दिवस दिले असतील तर काय दिसले ते खाली जरूर लिहा. आणि सोलापूरला याल तेव्हा पुढची गाडी पकडण्याआधी भुईकोटासाठी अर्धा दिवस राखा.